कोरम स्वयंपाकघरात

जावईबापूंचा हेतू अगदी साधा होता. त्यांना कुठल्याही एका कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक कोपऱ्यात बसून बघायची होती. बोलायचं नव्हतं, मत द्यायचं नव्हतं, समोर आलेल्या बिस्किटालाही हात लावायचा नव्हता. बघायचं, घरी यायचं आणि बघितलेलं लिहून विद्यापीठात द्यायचं, बस्स. एवढ्याशा गोष्टीपायी एका सज्जन माणसाची अध्यक्षाची खुर्ची जाईल आणि ती आपल्या सासऱ्यांचीच असेल, असं त्यांना आधी कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी हा विषय घेतलाच नसता. सांख्यिकी घेतली असती. आकडे निदान सासुरवाडीचे नसतात.

पण विषय घेतला होता, आणि त्यात ते एकदा नापासही झाले होते. जावईबापू एका विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर बसायचे. हे टेबल म्हणजे लोकांनी यावं, आपली कर्मकहाणी सांगावी, रडावं, आणि नियमात बसत नाही म्हटल्यावर जावईबापूंच्या सात पिढ्यांचा उद्धार करून निघून जावं, अशी जागा. कंपनीत नियमपालनाचा नवा विभाग निघणार होता. तिथे लोक येत नाहीत, फक्त कागद येतात, असं ऐकल्यापासून जावईबापूंना रात्री तिथलीच स्वप्नं पडत. अट एकच, संध्याकाळच्या वर्गाची पदविका हवी. बाकीचे सगळे पेपर सुटले होते. ‘कंपन्यांचा कारभार आणि उत्तरदायित्व’ तेवढा राहिला होता, आणि विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे ही शेवटची खेप होती. ही हुकली की आयुष्यभर दाव्यांचं टेबल.

मागच्या खेपेला त्यांनी या विषयाचा प्रकल्प म्हणून एवढं जाड बाड दिलं होतं. मोठमोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल, त्यातले रंगीत तक्ते, पारदर्शकता हा शब्द तर पानोपानी. शिकवणाऱ्या मॅडमनी शेवटच्या पानावर लाल शाईत एकच ओळ लिहिली होती: ‘यात मला एकही माणूस दिसला नाही.’ या वेळी त्यांनी वर्गातच बजावलं की खऱ्या कंपनीची खरी बैठक बघा, डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहा, आणि मुख्य म्हणजे मध्ये ढवळाढवळ करू नका. निरीक्षक म्हणजे भिंतीवरचं घड्याळ, असं त्या म्हणाल्या. जावईबापूंनी ते वाक्य अधोरेखित करून ठेवलं.

मग सुरू झाली वणवण. पहिल्या कंपनीच्या स्वागतकक्षातल्या मुलीने त्यांना भागधारक समजून थंड पाणी दिलं आणि विद्यार्थी आहेत म्हटल्यावर पेला अर्ध्यातच उचलून नेला. दुसऱ्या कंपनीने त्यांना या विभागातून त्या विभागात असं फिरवलं की शेवटी ते सुटे भाग ठेवायच्या खोलीत जाऊन पोचले. तिसऱ्या कंपनीने लेखी अर्ज मागितला. त्याला जे उत्तर आलं त्यात त्यांची नोकरीसाठी निवड होऊ शकली नाही असं कळवून पुढील वाटचालीस शुभेच्छा दिल्या होत्या. जावईबापूंनी नोकरी मागितलीच नव्हती. तरी नाकारलं गेल्याचं वाईट वाटायचं ते वाटलंच, आणि त्या दिवशी ते जेवले कमी.

“अहो,” बायको म्हणाली, “बाबांच्या कंपनीला काय संचालक मंडळ नाही का?”

आता ही बायको म्हणजे बाबांच्या कंपनीचा अर्धा कारभार. मागण्या घेणं, माल काढणं, गाड्या भरणं, उधारी थकवलेल्या दुकानदारांना फोनवर गोडीत घेणं, सगळं तीच बघायची. फक्त मंडळावर नव्हती. कंपनी दारांच्या बिजागऱ्या बनवायची. सासऱ्यांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये ती सुरू केली, वाढवली, आणि अजूनही प्रत्येक नव्या बिजागरीला ते स्वतः कानाशी धरून हलवून बघत. कुरकुरली की परत. माणसांनाही ते साधारण हीच कसोटी लावत, आणि जावईबापू त्यात पहिल्यापासून कुरकुरणारे ठरले होते. विमा म्हणजे जे घडलंच नाही त्यावर पोट भरणं, असं त्यांचं मत त्यांनी साखरपुड्यातच सांगून टाकलं होतं.

मंडळावर तिघंच. अध्यक्ष स्वतः सासरे, मग सासूबाई, आणि मग सासऱ्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्याबाई. त्या पलीकडच्याच गल्लीत राहत. कंपनी स्थापन करताना सासऱ्यांनी एक नियम हट्टाने घालून घेतला होता की तिघंही समोर बसल्याशिवाय कोरम पुरा होणार नाही. उद्या कुणी म्हणायला नको, आम्हाला विचारलं नाही म्हणून. नियम इतका चोख होता की त्यानंतर एकदाही बैठक झाली नाही.

हे जावईबापूंना कंपनीच्या वकिलांकडे गेल्यावर कळलं. वकीलसाहेब म्हणजे गोड माणूस. त्यांनी प्रेमाने बसवलं आणि सांगितलं की या वर्षाच्या सगळ्या बैठका झाल्या आहेत. जावईबापू म्हणाले, वर्ष तर अजून संपायचंय. वकीलसाहेब म्हणाले, झाल्या म्हणजे लिहून झाल्या. त्यांची पद्धतच तशी होती. वर्षाच्या सुरुवातीला निवांत बसून ते वर्षभराच्या बैठकांचं इतिवृत्त लिहून काढत, मग जशी तारीख येईल तशा घरी जाऊन सह्या घेत. लिहिणंही कसं रसाळ. आत्याबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या दिवशी त्यांनी कच्च्या मालाच्या दर्जाविषयी सविस्तर चर्चेत भाग घेतला होता. सासूबाई तर प्रत्येक बैठकीत अध्यक्षांच्या दूरदृष्टीचं अभिनंदन करत. प्रत्यक्षात त्या आपल्या नवऱ्याचं अभिनंदन कधी करत असतील असं जावईबापूंना वाटत नव्हतं, पण नवराबायकोतलं आपल्याला काय माहीत.

“हेच लिहून द्या की विद्यापीठात,” वकीलसाहेब म्हणाले. “खऱ्या बैठकीपेक्षा नीटनेटकं आहे.”

जावईबापूंचा क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोला. पण लाल शाईतली ओळ आठवली आणि त्यांनी हात जोडले.

शेवटी लेकीने शब्द टाकला म्हणून सासरे तयार झाले. पुढच्या बैठकीत त्यांच्याच अध्यक्षपदाच्या फेरनेमणुकीचा ठराव होता. इतिवृत्त लिहून तयार होतं, त्यात सर्वानुमते फेरनेमणूक झालीही होती. तेवढंच वाचून दाखवायचं, मग जावईबापूंनी बघायचं, मग सगळ्यांनी जेवायचं. सासऱ्यांच्या दृष्टीने हा जावयाला सिनेमा दाखवण्यापैकी प्रकार होता.

इथे जावईबापूंच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त साहेब कथेत शिरले. साहेबांनी आयुष्यभर एका मोठ्या कंपनीत बैठकांची तयारी केली होती, बैठकीत बसायला मात्र त्यांना कधी मिळालं नव्हतं. त्यामुळे तयारीबद्दल त्यांची मतं फार कडक. टेबल लंबगोल हवं. पेन्सिली टोक केलेल्या हव्यात. आणि बैठकीची सूचना प्रत्येक संचालकाला रजिस्टर टपालाने गेलीच पाहिजे, नाहीतर सगळी बैठक बाद, तुमचा प्रकल्प बाद, पदविका बाद. हे तिन्ही ‘बाद’ ऐकून जावईबापूंनी लगोलग सासऱ्यांच्या सहीच्या सूचना तयार करून टपाल कचेरी गाठली.

खिडकीतल्या कारकुनाने सासूबाईंच्या नावाचं पाकीट उलटसुलट करून बघितलं. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि घेणाऱ्याचा पत्ता एकच होता. तो म्हणाला, हे असं चालणार नाही. जावईबापू म्हणाले, का चालणार नाही, नियम दाखवा. कारकून म्हणाला, नियम नाही, पण एका घरातल्या माणसाने दुसऱ्याला हातात द्यावं, आम्हाला कशाला मध्ये घालता. मागे रांग लागली होती. रांगेतल्या एका बाईंनी पाकिटावरची नावं वाचून हलक्या आवाजात विचारलं की फार दिवसांचा अबोला आहे का, आणि दुसऱ्या गृहस्थांनी आपल्या चुलतभावाचा घटस्फोट कसा याच खिडकीतून सुरू झाला ते सांगितलं. कंपनी, संचालक, कोरम हे सगळं जावईबापूंनी समजावलं. कारकुनाने ते ऐकून घेतलं, शिक्का मारला आणि म्हणाला, जमत असेल तर मिटवून घ्या.

सासूबाईंना ते पत्र पोस्टमनने सही घेऊन दिलं. आतमध्ये नवऱ्याच्या सहीने ‘आपणास कळविण्यात येते की’ असं लिहिलेलं बघून त्या सोफ्यावर बसल्याच. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांना नवऱ्याचं हे पहिलं पत्र. ते सुद्धा ‘आपणास’. दोन दिवस त्या सासऱ्यांशी लागेल तेवढंच बोलल्या. बायकोने फोन करून जावईबापूंना झापलं. मग ते स्वतः जाऊन सासूबाईंना समजावून आले, की तुम्ही कंपनीच्या संचालक आहात, बैठकीत तुम्हाला अध्यक्ष प्रश्न विचारतील, आणि तुम्ही काय म्हणाल त्याला अध्यक्षांइतकंच वजन असेल. सासूबाईंनी ऐकलं. मग त्यांनी विचारलं, “खरंच विचारतील?” जावईबापू म्हणाले, विचारावंच लागतं, कायदाच आहे. त्यावर त्यांनी पत्र घडी करून ठेवून दिलं.

बैठकीच्या दिवशी जावईबापू पट्टीने रेघा मारलेली वही घेऊन हजर झाले. बायको कारखान्यात होती, गाडी भरायची होती. जेवणाच्या टेबलावरचं प्लास्टिक काढून चादर घातली होती. वकीलसाहेब तयार इतिवृत्त घेऊन आले होते. आत्याबाई सगळ्यात आधी येऊन बसल्या होत्या आणि आपल्याला टोक केलेली पेन्सिल का दिली आहे हे विचारत होत्या.

पहिला पेच बसण्याचा. सासूबाईंनी टेबलाच्या मुख्य जागी जावईबापूंना बसवलं, कारण जावई. जावईबापू म्हणाले, ती अध्यक्षांची जागा. सासूबाई म्हणाल्या, जावयाला कोपऱ्यात बसवलं तर लोक काय म्हणतील. लोक म्हणून तिथे फक्त वकीलसाहेब होते, आणि त्यांचं काही म्हणणं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाची उपमा जावईबापूंनी सांगून बघितली, तर आत्याबाईंनी वर घड्याळाकडे बघितलं आणि ते मागे पडल्याचं सांगितलं. शेवटी जावईबापू दाराजवळच्या स्टुलावर टेकले. जावई म्हणून पहिल्यांदाच सासुरवाडीत ते स्टुलावर बसले होते आणि ते स्वतः मागून घेतलेलं असल्यामुळे तक्रारीलाही जागा नव्हती.

दुसरा पेच कोरमचा. अध्यक्षांनी घसा साफ करून बैठक सुरू झाल्याचं जाहीर केलं आणि त्याच क्षणी सासूबाई चहा टाकायला उठल्या. वकीलसाहेबांनी बोट वर केलं, कोरम गेला. सगळे थांबले. सासूबाई परत आल्या, बैठक पुन्हा सुरू झाली. पहिला ठराव मागच्या इतिवृत्ताला मान्यता देण्याचा. तो वाचून होतो न होतो तोच आतून दूध उतू जाण्याचा वास आला आणि कोरम धावत स्वयंपाकघरात गेला. परत आला. दुसरा ठराव पत्र्याच्या शेडच्या डागडुजीचा. त्यावर आत्याबाईंनी आपल्या घरच्या गळतीचा विषय काढला, सासूबाईंना चहात साखर घातली की नाही ते आठवेना, कोरम पुन्हा आत. जावईबापूंच्या वहीत आतापर्यंत फक्त ‘बैठक सुरू’, ‘बैठक तहकूब’ एवढंच आळीपाळीने लिहिलेलं होतं. असं चाललं तर मॅडम याच्याखाली काय लिहितील ते त्यांना दिसायला लागलं.

आणि जावईबापूंनी ती चूक केली. ते उठले आणि म्हणाले, “आई, तुम्ही बसा. चहा मी करतो.”

सासूबाई नको नको म्हणत होत्या, पण सासऱ्यांनाही एकदाचं आटपायचं होतं. कोरम खुर्चीत बसला आणि निरीक्षक स्वयंपाकघरात गेला. परक्या स्वयंपाकघरात चहा करणं हे किती कठीण काम आहे ते केल्याशिवाय कळत नाही. सगळे डबे एकसारखे. पहिल्यात रवा, दुसऱ्यात रवा, तिसऱ्यात बटणं. गॅसचं बटण त्यांच्या घरच्या उलट दिशेला. चहाची पावडर सापडली तेव्हा पातेल्यातलं पाणी आटून गेलं होतं. बाहेर वकीलसाहेब तिसरा ठराव वाचत असल्याचं त्यांना अंधुक ऐकू येत होतं. मग नळ सोडल्यावर तेही येईनासं झालं. नळ बंद केला तेव्हा बाहेर कुणीच बोलत नव्हतं. जावईबापूंना बरं वाटलं. सुरळीत चाललेलं दिसतंय, असं त्यांच्या मनात आलं.

ट्रे घेऊन ते बाहेर आले तेव्हा टेबलाभोवतीची माणसं एकमेकांकडे बघत नव्हती. सासरे चादरीवरची एक रेघ बोटाने सरळ करत होते. आत्याबाईंचे डोळे भरलेले होते. वकीलसाहेबांनी चहा घेतला आणि काही विशेष नाही अशा सुरात सांगितलं, की तिसऱ्या ठरावावर अध्यक्षांनी नियमाप्रमाणे विचारलं, तुमची हरकत नाही ना, तेव्हा सासूबाई हरकत आहे म्हणाल्या. आत्याबाईही त्यांच्या बाजूने गेल्या. ठराव पडला.

 सासऱ्यांची खुर्ची गेली हे जावईबापूंना अजून नीट समजलंही नव्हतं. त्यांना एवढंच समजलं की अख्ख्या बैठकीत एकच गोष्ट घडली आणि ती आपण बघितली नाही. वहीचं पान कोरं होतं, आणि पुढच्या वर्षी विद्यापीठ दार उघडणार नव्हतं. माणूस अशा वेळी काय बोलून जातो त्याला सुमार नाही.

“तेवढा तिसरा ठराव,” ते म्हणाले, “जरा परत एकदा घेता येईल का?”

आत्याबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ट्रे हातातच राहिला. तुमच्या अभ्यासापायी माझ्या भावाला घरी बसवलंत आणि आता पुन्हा बसवून दाखवू का, असं त्या म्हणाल्या. वकीलसाहेबांनी चष्म्यावरून बघत अध्यक्षपद आता कुणाकडे जाणार, असं विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, लेकीकडे, दुसरं कोण. वकीलसाहेब नुसते हसले. जावईबापूंना आपल्या कपाळावर ‘डाव साधला’ असं कुणी लिहितंय की काय असं वाटलं. बायकोला अध्यक्ष करायचं असतं तर मी रजिस्टर टपाल कशाला केलं असतं, असं त्यांना म्हणायचं होतं, पण ते वाक्य त्यांना स्वतःलाच पटण्यासारखं वाटेना.

वकीलसाहेबांनी मग सगळ्यांना धीर दिला. घरातली चर्चा घरात राहील. इतिवृत्त लिहिलेलं आहेच, त्यात सर्वानुमते फेरनेमणूक झाली आहे. फक्त सह्या राहिल्यात. त्यांनी कागद सासूबाईंपुढे सरकवला आणि सवयीने सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

सासूबाईंनी पेन घेतलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि कागद वाचायला घेतला. मोठ्याने नाही, ओठ हलवत. सगळा वाचला, मागची बाजू कोरी होती ती सुद्धा बघितली. 

“हे मी बोलले नाही,” त्या म्हणाल्या.

वकीलसाहेब म्हणाले, वहिनी, ही नुसती पद्धत आहे. सासूबाई त्यांच्याशी बोलतच नव्हत्या. त्या सासऱ्यांकडे बघत होत्या.

“आजवर तुम्ही दिलेल्या कागदावर सही केली. मला काही वाईट नाही वाटलं त्याचं. विचारत नव्हतात, मी सांगत नव्हते. आज पत्र पाठवून विचारलंत. कारखान्याच्या जिन्यावरून पडलात, तिथल्या मिस्त्रींना सांगितलंत घरी बोलू नका. दवाखान्यातून पट्टी बदलायला बोलावणं आलं तो फोन मी घेतला. म्हणून नाही म्हणाले. आणि मी नाही म्हणाले ते लिहायचं नसेल, तर विचारलंत कशाला?”

जावईबापू ट्रे धरून उभे होते. त्यांना दाव्यांच्या टेबलापलीकडचे सगळे चेहरे एकदम आठवले. नियमात बसत नाही हे सांगायची त्यांना सवय होती. समोरचं माणूस म्हणतंय ते लिहून घ्या असं सांगायची नव्हती. आत कुठेतरी त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते कुणासाठी ते त्यांना नीट सांगता आलं नसतं.

 सासऱ्यांचा राग सगळ्यांना माहीत होता. एकदा बिजागरी कुरकुरली म्हणून त्यांनी अख्खी गाडी परत बोलावली होती. वकीलसाहेब कागद मागे घ्यायला लागले.

“थांबा,” सासरे म्हणाले. “तो फाडा आणि नवीन घ्या. ठराव नामंजूर, असं लिहा.”

वकीलसाहेबांनी लिहिलं.

“आणि का नामंजूर ते लिहा. ती काय म्हणाली ते.”

वकीलसाहेब अवघडले. म्हणाले, पाय घसरला, पट्टी बांधली, असल्या कारणांना इतिवृत्तात जागा नसते.

“मग समासात लिहा,” सासरे म्हणाले. “पण लिहा. आणि मिस्त्रीचं नाव नका घालू, तो मी सांगितलं म्हणून गप्प बसला.”

मग त्यांनी ट्रेमधला चहाचा कप उचलला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि तसाच सगळा पिऊन टाकला. चहा अतिशय वाईट झाला होता. सासूबाईंनी समासातलं सुद्धा वाचून घेतलं आणि मग सही केली, सावकाश, पूर्ण नावाची.

संध्याकाळी बायको कारखान्यातून आली तोवर तिला मंडळावर घेऊन अध्यक्ष करूनही टाकलं होतं. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून ती आधी जावईबापूंवर चिडली. सासरे दुसऱ्या दिवसापासून घरी बसले आणि घरातल्या प्रत्येक दाराची बिजागरी काढून परत बसवू लागले. गाठ पडेल त्याला ते जावईबापूंची ओळख करून देत, की हे आमचे जावई, यांच्या अभ्यासामुळे मी रिकामा झालो. जावईबापू मान खाली घालून ऐकून घेत. पण ‘विमा कंपनीत असतात’ हे वाक्य ते आता वगळत, हे जावईबापूंच्या लक्षात आलं होतं. खालच्या मजल्यावरच्या साहेबांनी जिन्यात गाठून टेबल लंबगोल होतं का तेवढं विचारलं, आणि नव्हतं म्हटल्यावर तरीच, असं म्हणून दार लावून घेतलं.

प्रकल्प जावईबापूंनी लिहिला तो जेमतेम चार पानांचा झाला. खोटं काही लिहिलं नाही. तिसऱ्या ठरावाच्या वेळी मी स्वयंपाकघरात होतो आणि मला काहीही दिसलं नाही, असं सरळ लिहून टाकलं. रव्याच्या डब्यांचाही उल्लेख केला. पारदर्शकता हा शब्द कुठे आला नाही. नापास होणार याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नव्हती. नियमपालन विभागातली ती शांत खोली त्यांनी मनातल्या मनात दुसऱ्याला देऊनही टाकली.

तोंडी परीक्षेला मॅडमच्या खोलीत पंखा घरघरत होता. मॅडमनी चारही पानं समोर ठेवली होती आणि त्यांच्या शंका तयार होत्या. निरीक्षकाने हस्तक्षेप करू नये हे स्पष्ट सांगितलं होतं. तुम्ही चहा केलात म्हणून सासूबाई टेबलापाशी बसल्या, टेबलापाशी बसल्या म्हणून कोरम झाला, कोरम झाला म्हणून अध्यक्ष गेले. म्हणजे अध्यक्ष तुम्ही घालवलेत. शिवाय त्या जागी तुमच्या पत्नी आल्या, म्हणजे हितसंबंध. शिवाय मुख्य घटना तुम्ही पाहिलीच नाहीत.

जावईबापूंनी तिन्ही गोष्टी मान्य केल्या. दाव्यांच्या टेबलावर लोक जसे उभे राहत तसेच ते हात पुढे बांधून उभे होते. मग त्यांना काय झालं कुणास ठाऊक, ते म्हणाले, “मॅडम, गुण द्या किंवा नका देऊ. पण मी चहा केला नसता तर त्या उठतच राहिल्या असत्या. आणि कागद वाचायला घेतला ते मी पाहिलंय. तेवढं मी पाहिलंय.”

मॅडमनी पान उलटलं. कागद वाचायला घेतला तेव्हा सासरे ओरडले का, असं विचारलं. नाही. सासूबाई घाबरल्या होत्या का? हो, पण कागद खाली ठेवला नाही. नंतर दोघं बोलतात का एकमेकांशी? बोलतात, म्हणजे बिजागऱ्यांवरून भांडतात. मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. हे प्रश्न अभ्यासक्रमातले नाहीत हे जावईबापूंच्या उशिरा लक्षात आलं.

“माझ्या वडिलांची कंपनी आहे,” मॅडम म्हणाल्या. “मी संचालक आहे तिथे, कॉलेजात होते तेव्हापासून. वर्षातून काही वेळा पाकीट येतं. मी सह्या करून परत पाठवते.”

डॉक्टरांना दुखणं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.  जावईबापूंनी टेबलावरचा पाण्याचा पेला मॅडमकडे सरकवला. मॅडम थोडं पाणी प्यायल्या, गुणपत्रकात जावईबापूंच्या नावापुढे ‘उत्तीर्ण’ लिहिलं, आणि तारीख घालून सही करायच्या आधी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

जावईबापू आभार मानून दारापर्यंत पोचले होते.

“जरा थांबा,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला. “तुमच्या सासूबाईंचा नंबर द्याल का मला?”

जावईबापूंनी नंबर सांगितला, आणि मॅडमनी तो लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवला.